खटल्यांच्या खरखरीत निर्मळ आवाज

रेडिओवर एफएम केंद्र लावले, की बाहेर वीज कडाडत असली तरी गाणे स्वच्छ ऐकू येते. पावसाळ्याच्या रात्री मध्यम लहरींवरची बातमीपत्रे कान देऊन ऐकणाऱ्या पिढीला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ढग गडगडले की त्या रेडिओतून कडकड आवाज येई आणि निवेदकाचे निम्मे शब्द खरखरीत बुडून जात. ही खरखर कायमची घालवणारा माणूस म्हणजे अमेरिकन अभियंता एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. रेडिओच्या इतिहासात त्यांच्या नावावर एक नव्हे, तीन मूलभूत शोध आहेत. तथापि त्यांच्या आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे प्रयोगशाळेइतकीच न्यायालयातही गेली. एका शोधाचे श्रेय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याकडून काढून घेतले, तर दुसऱ्या शोधाच्या पेटंटची मुदत खटला उभा राहण्यापूर्वीच संपली.

पेटंट मिळाले म्हणजे शोधाला सरकारचे कवच लाभले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आर्मस्ट्राँग यांचे चरित्र ही समजूत दूर करते. पेटंट म्हणजे दुसऱ्याला न्यायालयात खेचण्याचा अधिकार. तो बजावण्यासाठी पैसा लागतो, चिकाटी लागते आणि सर्वांत मुख्य म्हणजे वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टी आर्मस्ट्राँग यांच्याकडे भरपूर होत्या. तिसरी मात्र त्यांच्या प्रतिपक्षाच्या हाती होती.

हडसनच्या काठावरचा मनोरा

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत होते, आई शिक्षिका होती. लहानपणी एडविनना स्नायू अनावर हलवणारा एक आजार झाला आणि शाळेपासून दोन वर्षे दूर राहावे लागले. मान आणि खांद्याची हलकी उचकी त्यांना जन्मभर राहिली. या सक्तीच्या एकांतात यंत्रांशी त्यांची मैत्री जमली. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठी याँकर्स येथे राहायला गेले. मार्कोनीच्या बिनतारी संदेशाची कहाणी वाचून भारावलेल्या या मुलाने घराच्या आवारात सुमारे सव्वाशे फूट उंचीचा मनोरा स्वतः उभारला. त्यावर चढून तारा जुळवण्याचे वेड इतके, की उंचीची भीती हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता.

१९०९ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. तेथे मायकेल प्यूपिन यांच्यासारखे नामवंत प्राध्यापक त्यांना लाभले. त्या काळी रेडिओ संदेश ऐकण्यासाठी कानाला ध्वनिग्राहक घट्ट दाबून धरावा लागे आणि तरीही आवाज अगदी क्षीण येई. ली डी फॉरेस्ट या संशोधकाने १९०६ साली ‘ऑडिऑन’ नावाची तीन विद्युत्‌अग्रांची निर्वात नलिका तयार केली होती. पण ती नेमकी कशी काम करते, हे खुद्द तिच्या जनकालाही नीटसे उलगडले नव्हते. विद्यार्थी आर्मस्ट्राँग यांनी त्या नलिकेचा बारकाईने अभ्यास आरंभला.

१९१२ च्या शरद ऋतूत त्यांना किल्ली सापडली. नलिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा तिच्या प्रवेशद्वाराशी आणून सोडला, की तो पुन्हा वर्धित होतो आणि हे चक्र वेगाने फिरत राहून क्षीण संदेश कितीतरी पटींनी मोठा होतो. यालाच पुढे ‘रिजनरेशन’ हे नाव मिळाले. हे पुनर्भरण एका मर्यादेपलीकडे नेले तर तीच नलिका स्वतः रेडिओ लहरी निर्माण करू लागते, हेही त्यांच्या ध्यानी आले. म्हणजे एकाच मांडणीतून संवेदनशील ग्राहक आणि कार्यक्षम प्रक्षेपक अशी दोन्ही यंत्रे हाती आली. ध्वनिग्राहक टेबलावर ठेवून खोलीभर संदेश ऐकू आला, त्या रात्री आर्मस्ट्राँग बहिणीच्या खोलीत आनंदाने नाचत शिरले, अशी आठवण घरात सांगितली जात असे.

पेटंटसाठी पैसे हवे होते. वडिलांनी आधी पदवी पुरी करण्याची अट घातली. तेव्हा एका नातेवाइकाच्या सल्ल्याने आर्मस्ट्राँग यांनी आपल्या मांडणीची आकृती नोटरीसमोर साक्षांकित करून घेतली. त्या कागदावर तारीख पडली ३१ जानेवारी १९१३. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी.

एका हुकूमनाम्याची गोष्ट

पदवी मिळताच ऑक्टोबर १९१३ मध्ये पेटंटसाठी अर्ज दाखल झाला आणि वर्षभरात, ६ ऑक्टोबर १९१४ रोजी, पेटंट मिळालेही. मात्र पहिल्या अर्जात भर होता तो ग्राहकयंत्रावर. नलिका स्वतः लहरी निर्माण करते, या भागासाठी डिसेंबरात वेगळा अर्ज करावा लागला. तेव्हा किरकोळ वाटलेली ही फट पुढे फार महागात पडली.

डी फॉरेस्ट यांनीही १९१५ साली याच तत्त्वासाठी अर्ज केला आणि आपल्याला हा शोध आधीच लागला होता, असा दावा केला. जनरल इलेक्ट्रिकचे अर्व्हिंग लँगम्यूर आणि जर्मनीचे अलेक्झांडर माइस्नर हेही स्पर्धेत होते. एकाच शोधावर चौघांचा हक्क! अशा वेळी आधी कोण, हे पेटंट कार्यालयाला ठरवावे लागे आणि ही चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळत असे. डी फॉरेस्ट यांचे हक्क दूरध्वनी क्षेत्रातील बलाढ्य एटी अँड टी कंपनीने विकत घेतलेले असल्याने त्यांच्यामागे पैशाचे बळ उभे होते.

याच सुमारास पहिले महायुद्ध आले. आर्मस्ट्राँग सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल होऊन पॅरिसला गेले. तेथे १९१८ साली त्यांनी ‘सुपरहेटरोडाइन’ ग्राहकाची रचना सिद्ध केली. येणारी उच्च कंप्रता एका ठरावीक, सोयीच्या कंप्रतेवर आणून मग वर्धित करायची, हे त्यामागचे तत्त्व. त्यानंतर अनेक दशके जगात विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचात हीच रचना होती. युद्धावरून ते ‘मेजर आर्मस्ट्राँग’ होऊन परतले आणि ही उपाधी त्यांना कायमची चिकटली.

१९२० साली वेस्टिंगहाउस कंपनीने त्यांची रिजनरेशन व सुपरहेटरोडाइनची पेटंटे ३ लाख ३५ हजार डॉलरला घेतली. डी फॉरेस्टवर विजय मिळाल्यास आणखी दोन लाख देण्याचे ठरले. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. याँकर्सच्या मनोऱ्यावर आर्मस्ट्राँग यांनी आपला पेटंट क्रमांक लिहिलेला झेंडा फडकवला, असे सांगितले जाते. तो डी फॉरेस्ट यांच्या नजरेस पडावा, हाच हेतू.

त्यांची पहिली मोठी चूक याच क्षणी घडली. नुकसानभरपाईची रक्कम निश्चित होईपर्यंत असा हुकूमनामा अंतरिम मानला जाई. डी फॉरेस्ट यांची कंपनी तेव्हा आर्थिक अडचणीत होती आणि तिच्याकडून फारसे काही वसूल होण्याची शक्यता नव्हती. आर्मस्ट्राँग यांनी भरपाईवर पाणी सोडले असते, तर निकाल अंतिम होऊन वादच मिटला असता. तसे सुचवलेही गेले होते. पण प्रतिपक्षाने आपला शोध चोरला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती आणि चोराला सूट देणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. त्यांनी नकार दिला. हुकूमनामा अंतरिमच राहिला आणि डी फॉरेस्ट यांना दुसऱ्या दरवाजाने आत येण्यास अवधी मिळाला.

तो दरवाजा होता पेटंट कार्यालयातील प्राधान्याच्या वादाचा. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९२४ साली त्या वादात डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी त्यांना पेटंटे मिळाली. एकाच शोधाची दोन पेटंटे, दोन मालक! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९२८ साली ते डी फॉरेस्ट यांच्या बाजूने लागले. आर्मस्ट्राँग थांबले नाहीत. डी फॉरेस्ट यांच्या पेटंटच्या उल्लंघनाबद्दल एका छोट्या रेडिओ कंपनीवर खटला झाला, तेव्हा तिच्या बचावाचा भार त्यांनी उचलला. १९३३ साली अपील न्यायालयात ते जिंकलेही. पण २१ मे १९३४ रोजी न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिलेल्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा डी फॉरेस्ट यांनाच शोधक ठरवले.

हा निकाल कशावर उभा होता? डी फॉरेस्ट यांच्या सहायकाच्या वहीतील ६ ऑगस्ट १९१२ च्या एका नोंदीवर. दूरध्वनीसाठी वर्धक बनवताना एका मांडणीतून शिट्टीसारखा आवाज आल्याची ती नोंद होती. तेव्हा तो आवाज नकोसा दोष समजून बाजूला सारण्यात आला होता. आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे असे, की शिट्टी ऐकणे आणि ती का वाजते हे ओळखून तिचा उपयोग करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुसंख्य अभियंतेही याच मताचे होते. पण न्यायालयापुढचा प्रश्न विज्ञानाचा नव्हता, पुराव्याच्या भाराचा होता. एकदा दिलेले पेटंट वैध मानायचे आणि ते पाडायचे असल्यास भक्कम पुरावा आणायचा, हे तत्त्व कार्डोझो यांनी ठामपणे मांडले. ते आजही जिवंत आहे. २०११ साली मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एका पेटंट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्डोझो यांच्या त्याच निकालाचा आधार घेतला. निकालपत्रातील तांत्रिक विधानांत चुका असल्याचे अभियंत्यांनी दाखवून दिले, तेव्हा काही शब्द बदलण्यात आले. निकाल मात्र बदलला नाही.

त्यानंतर काही दिवसांतच फिलाडेल्फियात रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. याच शोधासाठी संस्थेने पूर्वी आर्मस्ट्राँग यांना सुवर्णपदक दिले होते. ते परत करण्यासाठी आर्मस्ट्राँग व्यासपीठाकडे गेले. पण त्यांना बोलू देण्यापूर्वीच अध्यक्षांनी, संस्था पदक परत घेणार नाही आणि मूळ सन्मान कायम आहे, असे जाहीर केले. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. समव्यावसायिकांनी न्यायालयाचा निर्णय मनाने फेटाळला होता. कायद्याच्या दप्तरात मात्र शोधक डी फॉरेस्टच राहिले.

मित्राचे वैर

या कथेतील दुसरा नायक, किंवा प्रतिनायक, म्हणजे डेव्हिड सार्नॉफ. रशियातून आलेल्या गरीब स्थलांतरित कुटुंबातला हा मुलगा मार्कोनी कंपनीत हरकाम्या म्हणून लागला आणि कर्तबगारीच्या जोरावर रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजेच ‘आरसीए’ या महाकाय कंपनीचा सर्वेसर्वा झाला. आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांची ओळख १९१४ च्या जानेवारीपासूनची. न्यू जर्सीतील बेलमारच्या केंद्रावर कडाक्याच्या थंडीत दोघांनी रात्र जागून दूरदूरचे संदेश ऐकले होते. १९२२ साली आर्मस्ट्राँग यांचा आणखी एक शोध आरसीएने दोन लाख डॉलर आणि ६० हजार समभाग देऊन घेतला. त्यामुळे आर्मस्ट्राँग कोट्यधीशांच्या पंक्तीत तर बसलेच, शिवाय आरसीएचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक झाले. १९२३ साली त्यांचा विवाह झाला तो मॅरियन मॅकिनिस यांच्याशी. त्या होत्या सार्नॉफ यांच्या चिटणीस. विवाहाची भेट म्हणून आर्मस्ट्राँग यांनी पत्नीला स्वतः बनवलेला, उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला.

पैशाची ददात नसल्याने कोलंबिया विद्यापीठात ते वेतन न घेता संशोधन करत राहिले. ध्यास एकच होता, खरखर घालवण्याचा. सार्नॉफ यांनाही असे काही उपकरण हवे होते. तेव्हाच्या प्रक्षेपणात ध्वनीनुसार लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, कमीजास्त केली जाई. आकाशातील विजेमुळे निर्माण होणारा व्यत्ययही लहरीच्या उंचीवरच परिणाम करतो. त्यामुळे ग्राहकयंत्राला संदेश आणि व्यत्यय वेगळे करता येत नसत. उंची स्थिर ठेवून लहरीची कंप्रता बदलली तर? ही कल्पना नवी नव्हती. पण १९२२ साली एटी अँड टीचे गणितज्ञ जॉन कार्सन यांनी अशा पद्धतीचा लाभ नसल्याचे गणिताने दाखवले होते आणि बहुतेकांनी तो विषय सोडून दिला होता. ते गणित अरुंद पट्ट्यापुरते होते. आर्मस्ट्राँग यांनी नेमके उलट केले. त्यांनी पट्टा प्रचंड रुंद केला आणि खरखर जवळजवळ नाहीशी झाली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या पद्धतीची पेटंटे मिळाली. सतरा वर्षांचे घड्याळ त्या दिवसापासून टिकटिकू लागले.

आरसीएने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर चाचण्यांसाठी जागा दिली. १९३४ मध्ये तेथून सुटलेला संदेश सुमारे ८० मैलांवर, न्यू जर्सीतील हॅडनफील्ड येथे, गडगडाटी वादळातही स्वच्छ ऐकू आला. आर्मस्ट्राँग यांना वाटले, आता कंपनी ही पद्धत उचलून धरणार. पण सार्नॉफ यांना हवे होते ते चालू रेडिओला जोडता येणारे एखादे उपकरण. येथे तर रेडिओचा सगळा डोलारा, केंद्रे आणि घराघरांतले संच नव्याने उभारावे लागणार होते. शिवाय कंपनीचे सारे लक्ष दूरचित्रवाणीकडे लागले होते. १९३५ साली आर्मस्ट्राँग यांना एम्पायर स्टेटवरील सामान हलवण्यास सांगण्यात आले.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांनी आपली पद्धत प्रथमच जाहीरपणे दाखवली. याँकर्समधील एका मित्राच्या घरून प्रक्षेपण झाले. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज सभागृहात इतका हुबेहूब उमटला, की रेडिओचा आवाज असा असू शकतो यावर जाणत्यांचाही विश्वास बसेना. मोठ्या कंपन्या तरीही हलल्या नाहीत. मग आर्मस्ट्राँग यांनी सुमारे तीन लाख डॉलर स्वतःच्या खिशातून घालून न्यू जर्सीतील अल्पाइन येथे, हडसनच्या उंच कड्यावर चारशे फुटांहून उंच मनोरा आणि केंद्र उभारले. १९३९ साली ते पूर्ण क्षमतेने सुरू झाले. न्यू इंग्लंडमधील काही केंद्रचालक, जनरल इलेक्ट्रिक, झेनिथ अशा कंपन्या पुढे आल्या. त्या रीतसर परवाना घेऊन आर्मस्ट्राँग यांना स्वामित्वधन देऊ लागल्या. १ जानेवारी १९४१ पासून एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा मिळाला.

आता आरसीएलाही एफएमची दखल घेणे भाग पडले. १९४० साली कंपनीने एकरकमी दहा लाख डॉलर देऊन कायमचा परवाना मागितला. पुढे स्वामित्वधन द्यायचे नाही, ही अट. आर्मस्ट्राँग यांनी नकार दिला. लहान कंपन्या विक्रीच्या प्रमाणात पैसे देत असताना सर्वांत मोठ्या कंपनीला सवलत देणे, हा त्या लहानांवर अन्याय आहे, असे त्यांचे मत होते. नीतीच्या दृष्टीने हा नकार निर्दोष होता. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे काय झाले, ते पुढे दिसेलच.

मुदत संपेपर्यंत

दुसरे महायुद्ध सुरू होताच आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे अमेरिकन सैन्याला विनामोबदला वापरू दिली. रणगाड्यांतून आणि लष्करी गाड्यांतून एफएम संच धावू लागले. युद्ध संपत आले तेव्हा मोबदला राहिला दूरच, नवाच आघात झाला. २७ जून १९४५ रोजी अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफएमला जुन्या पट्ट्यातून उचलून ८८ मेगाहर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यात टाकले. सूर्यावरील डागांमुळे जुन्या पट्ट्यात व्यत्यय येईल, हे त्यासाठी दिलेले कारण आर्मस्ट्राँग आणि इतर तज्ज्ञांनी खोडून काढले होते. पण निर्णय झाला आणि पन्नासच्या आसपास केंद्रे व लाखो ग्राहकयंत्रे निकामी झाली. केंद्रांच्या शक्तीवरही मर्यादा आल्या. आपल्याकडच्या रेडिओवर ८८ ते १०८ हे आकडे आपण सहजपणे वाचतो. त्या पट्ट्यामागे असा एक वाद दडलेला आहे.

दरम्यान दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचत होती आणि तिचा ध्वनी एफएम पद्धतीनेच जात होता. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्ही संचात आर्मस्ट्राँग यांची पद्धत होती. आरसीए मात्र आपण स्वतःची वेगळी पद्धत विकसित केल्याचे सांगत होती आणि स्वामित्वधन देत नव्हती. तिचे पाहून इतर अनेक कंपन्यांनीही हात आखडले. अखेर २२ जुलै १९४८ रोजी आर्मस्ट्राँग यांनी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टनच्या संघीय न्यायालयात आरसीए आणि तिची प्रक्षेपण कंपनी एनबीसी यांच्याविरुद्ध पाच पेटंटांच्या उल्लंघनाचा खटला भरला.

अमेरिकेत मुख्य सुनावणीपूर्वी साक्षीदारांचे जबाब नोंदवण्याची पद्धत आहे. १९४९ च्या फेब्रुवारीत हे जबाब सुरू झाले. आरसीएच्या वकिलांनी आर्मस्ट्राँग यांची तपासणी सुमारे वर्षभर चालवली. प्रश्नांमागून प्रश्न, दस्तऐवजांमागून दस्तऐवज. यात नियमबाह्य असे काही नव्हते आणि तीच या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. कंपनीकडे वकिलांची फौज होती, खर्चाची चिंता नव्हती आणि पेटंटची मुदत डिसेंबर १९५० मध्ये संपणार होती. जाणारा प्रत्येक महिना तिच्या पथ्यावर पडत होता. मुदत संपल्यावरही आधीच्या उल्लंघनाची भरपाई मागता येते. पण ती मागणारा तोवर टिकला पाहिजे. साक्षीत सार्नॉफ यांनी, एफएमच्या विकासात आर्मस्ट्राँग यांच्यासह इतर कोणाहीपेक्षा आरसीएचाच वाटा मोठा असल्याचे सांगितले. एकेकाळच्या मित्राचे हे बोल आर्मस्ट्राँग यांनी समोर बसून ऐकले.

पेटंटची मुदत संपली तशी स्वामित्वधनाची आवक आटली. वकिलांचा खर्च थांबेना. खटल्याने आर्मस्ट्राँग यांना पुरते झपाटले होते. रात्री-अपरात्री ते वकिलांना दूरध्वनी करत, घरात कागदपत्रांखेरीज दुसरा विषय निघत नसे. १९५३ च्या नोव्हेंबरात, पत्नीच्या नावे ठेवलेले पैसे खटल्यासाठी परत मागण्यावरून दोघांत तीव्र वाद झाला. त्यात मॅरियन यांच्या हाताला इजा झाली आणि तीस वर्षांचा संसार मागे ठेवून त्या बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँग यांनी पत्नीला एक पत्र लिहिले, झाल्या गोष्टींबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आणि स्वतःचे आयुष्य संपवले. पहिल्या शोधाच्या आकृतीवर नोटरीची मोहोर उमटली, त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षे झाली होती. या ४१ वर्षांत न्यायालयाशी संबंध नसलेली वर्षे फार थोडी होती.

मॅरियनचा लढा

कथा येथे संपली असती, तर ती केवळ करुण ठरली असती. पण मॅरियन आर्मस्ट्राँग यांनी पतीचा लढा खाली ठेवला नाही. १९५४ संपता संपता आरसीएशी तडजोड झाली आणि कंपनीने दहा लाखांहून थोडी अधिक रक्कम दिली. चौदा वर्षांपूर्वी देऊ केलेला आकडा जवळजवळ हाच होता. मधल्या काळात एक आयुष्य खर्ची पडले होते. मॅरियन यांनी मग उरलेल्या कंपन्यांकडे मोर्चा वळवला. १९५९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एमर्सन कंपनीविरुद्धच्या खटल्यात आर्मस्ट्राँग यांची एफएम पेटंटे वैध ठरवली. एकामागून एक कंपन्या नमल्या. शेवटचा खटला मोटोरोलाविरुद्धचा. तो १९६७ साली मॅरियन यांच्या बाजूने संपला, तेव्हा पेटंटे मिळाल्याला चौतीस आणि पतीच्या निधनाला तेरा वर्षे लोटली होती. प्रत्येक खटला त्यांनी जिंकला अथवा तडजोडीने मिटवला. एफएमचा जनक कोण, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने तेव्हा कुठे निकाली निघाला.

दोन्ही लढ्यांत काय फरक होता? पेटंटे तीच होती, कायदा तोच होता, पुरावेही बव्हंशी तेच होते. मात्र मॅरियन यांना स्वतःची सचोटी सिद्ध करायची नव्हती. योग्य रक्कम मिळाली, की त्या तडजोड करत आणि पुढच्या खटल्याकडे वळत. आर्मस्ट्राँग यांना पैसे नको होते. त्यांना न्यायालयाच्या तोंडून सत्य वदवून घ्यायचे होते. न्यायालय हक्क ठरवते, भरपाई ठरवते, क्वचित मनाईहुकूमही देते. शोधकाच्या मनाला लागलेली जखम भरून काढण्याची सोय कोणत्याच पेटंट कायद्यात नाही. १९२२ साली भरपाई सोडली असती, १९४० साली दहा लाख घेतले असते, तर आर्मस्ट्राँग सुखाने म्हातारे झाले असते, असे म्हणणे सोपे आहे. पण तडजोड न जमणाऱ्या ज्या हट्टाने त्यांना न्यायालयात बुडवले, त्याच हट्टाने जाणत्या गणितज्ञाचा निर्वाळा धुडकावून खरखर नाहीशी करून दाखवली होती. एक गुण घ्यायचा आणि दुसरा टाळायचा, अशी निवड त्यांच्या हाती नव्हती.

व्यवस्थेकडे मात्र निवड असते. मुदतबंद हक्क देणाऱ्या कायद्याने त्या हक्काचा निवाडाही मुदतीत व्हावा, याची तजवीज केली नाही तर तो हक्क अधिक खोल खिसा असलेल्याच्या पदरात पडतो. आर्मस्ट्राँग यांच्या खटल्यात कोणी लाच दिली नाही, कोणी खोटा कागद पुढे केला, असेही सिद्ध झाले नाही. केवळ दिरंगाईने काम भागले. बौद्धिक संपदेचे खटले आज औषधांचे असोत की मोबाइल फोनचे, ते किती लांबतात यावर निम्मा निकाल आधीच लागलेला असतो.

मरणोत्तर सन्मानांत कसर राहिली नाही. १९५५ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगातील थोर संशोधकांच्या मालिकेत आर्मस्ट्राँग यांना स्थान दिले, १९८३ साली अमेरिकेने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. भारतात आकाशवाणीचे पहिले एफएम प्रक्षेपण १९७७ साली मद्रासमध्ये झाले आणि २००१ पासून खासगी वाहिन्यांनी ती पद्धत शहराशहरांत नेली. अल्पाइनचा मनोराही हडसनच्या कड्यावर उभा राहिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरचे प्रक्षेपक कोसळले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी याच मनोऱ्याचा आसरा घेतला. ज्या वाहिन्यांचे प्रक्षेपण त्या दिवसांत तेथून झाले, त्यांत एनबीसीचे न्यूयॉर्क केंद्रही होते.